आज्जांच्या फ्रेममधली बर्फात अडकलेली घोडागाडी: अस्सल छापील चित्र की कॅलेंडर?

शहापूरकर
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमचं जुनं घर आहे, ते उतरवून नवं बांधायचं ठरलंय त्यामुळं सध्या माळ्यावरचं आणि भिंतीवरचं सगळं खाली यायलंय. त्यात माजघरात कायम टांगलेली एक फ्रेम आहे. जन्मापासून बघतोय पण नीट अशी परवाच बघितली. बर्फानं भरलेला रस्ता, त्यात चाकं निम्मी बुडालेली चार घोड्यांची बंद गाडी, टपावर माणसं कुडकुडत बसल्यात, आणि लाल कोटातला एक जण गाडीचाच एक घोडा सोडून त्याच्यावर पिशव्या टाकून एकटाच पुढं निघालाय. गाडी वरनं काळी, खालनं डाळिंबी, चाकं लालभडक.

माझे आज्जा कॅम्पात, म्हणजे इंग्रजांच्या छावणीत, कारकून होते. ४७ साली साहेब लोक बंगले खाली करून गेले तेव्हा सामानाचा लिलाव झाला, त्यात घेतली म्हणून आज्जी सांगायची. ती त्याला ‘बर्फातला टांगा’ म्हणायची आणि आम्ही जेवलो नाही की त्या गाडीतल्या माणसांना बघा चार दिवस जेवण नाही असं सांगून घास भरवायची.

आता प्रश्न असा की हे खरंच जुन्या काळचं छापलेलं आहे की कुठल्या तरी कॅलेंडरचं कापून लावलंय हे घरच्या घरी ओळखता येतं का? कागदावर तांबूस ठिपके पडल्यात. एका फ्रेमवाल्याकडं नेलं तर तो म्हणाला लॅमिनेट करून देतो, परत बघायला नको. करू का? धाकटा भाऊ म्हणतो विकून टाक, बायको म्हणते नव्या हॉलमध्ये लावू.

अनगोळची_वैनी
लॅमिनेट अजिबात करू नका!! आमच्या सासूबाईंकडं त्यांच्या आईनं दिलेलं लक्ष्मीचं जुनं छापील चित्र होतं, साडीवर खरी जर चिकटवलेली, टिकल्या लावलेल्या. मीच हौसेनं दुकानात दिलं आणि त्यानं गरम रोलरमधनं काढलं. जर काळी पडली, टिकल्या सपाट झाल्या आणि मधोमध एक बुडबुडा आला तो आजपर्यंत तसाच आहे. प्लास्टिक काढायला गेलं तर कागद फाटतो. सासूबाई काही बोलल्या नाहीत ते जास्त लागलं.

निपाणीवाला
+१. लॅमिनेशन आधार कार्डाला करा.

कागदवेडा
शहापूरकर, वर्णन वाचून खुर्चीत सरळ बसलो बघा. काळी-डाळिंबी गाडी, लाल चाकं, लाल कोटाचा माणूस, म्हणजे ही इंग्लंडची टपालगाडी, रॉयल मेल. साध्या प्रवासी गाड्या वाटेल त्या रंगाच्या असायच्या, टपालाच्या गाडीचा रंग मात्र ठरलेला. तो लाल कोटवाला म्हणजे गार्ड. टपालखात्याचा नोकर गाडीवर तो एकटाच, हाकणारा आणि घोडे ठेकेदाराचे. त्याच्याकडं बंदूक, पिस्तुलं, लांब पत्र्याचा भोंगा आणि कुलूपबंद पेटीतलं घड्याळ असायचं. गाडी अडकली तर माणसांचं काहीही होवो, टपालाच्या पिशव्या घेऊन घोड्यावर, नाहीतर चालत, पुढं जायचं हा त्याचा नियम. तुमच्या चित्रात तेच चाललंय.

हे सुरू केलं जॉन पामर नावाच्या माणसानं, हा बाथ गावचा नाटकगृहाचा मालक. त्याआधी टपाल घोड्यावरच्या पोरांकडनं जायचं, लुटलं जायचं, उशीर व्हायचा. २ ऑगस्ट १७८४ ला पहिली गाडी ब्रिस्टलहून दुपारी निघाली आणि १६ तासांत लंडनला पोचली. पुढं साठेक वर्षं हा पसारा चालला आणि रेल्वेनं संपवला. लंडनहून सुटणारी शेवटची टपालगाडी १८४६ ची.

१८३६ च्या डिसेंबरात, नाताळातच, तिकडं असा बर्फ पडला की जागोजाग टपालगाड्या अडकल्या. जेम्स पोलार्ड म्हणून चित्रकार होता (१७९२ ते १८६७), त्याचं बरंचसं आयुष्य या गाड्या रंगवण्यात गेलं, त्यानं त्या बर्फाचीही चित्रं केली आणि त्यांचे छाप निघाले. तुमचं त्यातलंच असेल तर बोलायलाच नको. पण या चित्रांच्या नकला विसाव्या शतकात कॅलेंडरवर, बिस्किटाच्या डब्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर भरमसाट निघाल्यात, त्यामुळं आधीच खूश होऊ नका.

ओळखायला एक दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, घड्याळजी वापरतात तसलं. आकाशाच्या भागावर धरा. एकसारख्या रांगेत, फुलासारखे निळे-गुलाबी-पिवळे-काळे ठिपके दिसले तर ऑफसेट छपाई, म्हणजे कॅलेंडरच. तसं न दिसता वेडेवाकडे बारीक कण, जाळीसारखे, आणि रंग कुठं कुठं रेघेच्या बाहेर गेलेला दिसला तर मला लगेच कळवा.

खानापूर_लोकल
पण मला एक सांगा, इंग्रजांच्या टपालगाडीचं चित्र आपण माजघरात का लावायचं? आपल्याकडं शाहू महाराज स्वतः चार घोड्यांचा खडखडा हाकायचे, त्याचं चित्र लावा की. राग मानू नका, मनापासनं विचारायलोय.

शहापूरकर
राग कसला दादा. शाहू महाराजांचा फोटो आमच्या सोप्यात आहे, दारातनं आत येताना पहिला तोच. आज्जांना इंग्रजांचं कौतुक होतं असंही नाही. आज्जी म्हणायची त्यांना त्या घोड्यांची कीव आली म्हणून घेतलं.

टांगेवाल्याचा_नातू
तुमच्या आज्जांनी बरोब्बर बघितलं होतं. आमचे आज्जे बेळगाव स्टेशनच्या टांगा स्टँडवर टांगा लावायचे, त्यामुळं माझं बोलणं घोड्याच्या बाजूनंच असणार, आधीच सांगतो.

त्या चित्रात बघा, मागची जोडी आणि पुढची जोडी यांचं काम वेगळं. मागच्या दोघांच्या मधे दांडी, उतारावर गाडी तोलून धरायची ती त्यांनी. पुढची जोडी नुसती ओढायला, म्हणून गार्ड घोडा सोडतो तो बहुतेक पुढच्या जोडीतला, तो सुटायला सोपा. चारीच्या चारी लगाम हाकणाऱ्याच्या डाव्या हातात आणि उजव्यात चाबूक. आज्ज्यांना एका घोड्याचा टांगा होता तरी ते म्हणायचे लगाम हातात नाही, बोटांच्या पेरात धरायचा, घोड्याच्या तोंडाला समजलं पाहिजे पण दुखलं नाही पाहिजे.

आणि दोन चाकांच्या टांग्याची सगळी कला तोलात. मागं दोन जाड माणसं बसली की टांगा उलार व्हायचा, म्हणजे मागं कलायचा, घोड्याच्या पोटाखालचा पट्टा वर ओढला जायचा आणि त्याला श्वास घ्यायला त्रास. मग आज्जे म्हणायचे “काकी, जरा पुढं सरका, घोड्याला फास बसायलाय.” काकी रागवायच्या पण सरकायच्या. चार चाकांच्या गाडीला उलार होणं नाही, पण वजन मात्र घोड्यांच्या छातीवरच.

सकाळी आधी खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासणं, मग चंदी, म्हणजे त्याचा दाणा, मग स्वतःचा चहा. हा क्रम चुकलेला मी बघितला नाही. दुपारी तोंडाला तोबरा, म्हणजे चंदीची पिशवी, बांधून झाडाखाली घोडा उभा आणि आज्जे टांग्यातच झोपलेले. नाल मारायला नालबंदाकडं जायचं तर मला बरोबर न्यायचे, तापलेला नाल खुरावर टेकवला की जळका वास येतो तो अजून नाकात आहे. घोड्याला दुखत नाही, आपल्या नखासारखंच.

चिकोडी_एक्सप्रेस
वा! तोबरा शब्द किती वर्षांनी वाचला. आमच्या आईची शिवी होती, “तोंडाला तोबरा बांधलायस का, बोल की!”

आमच्याकडं चिकोडी-रायबाग-अथणी भागात घोडागाडीच्या शर्यती म्हणजे जीव की प्राण. मी कन्नड शाळेत शिकलो. टांग्याला आम्ही दोन्ही भाषांत टांगाच म्हणतो पण बेंगळूर-म्हैसूरकडं गेलं की जटका. पहिल्यांदा म्हैसूरला गेलो तेव्हा मी टांगा टांगा म्हणून ओरडायलोय आणि तो माणूस जटका जटका म्हणायलाय, बसायचं एकाच गाडीत.

निपाणीवाला
सीमाप्रश्न घोड्यानं सोडवला म्हणायचा 😀

हिंडलगा_रोड
विषय निघालाय म्हणून. रेल्वे यायच्या आधी बेळगावचा माल वेंगुर्ला बंदरातनं घाट चढून यायचा. आधी रामघाटानं, मग आंबोलीचा रस्ता झाल्यावर तिकडनं. आज कॅम्पाकडं जाताना आपण रामघाट रोड म्हणतो ते नाव त्याच जुन्या वाटेचं, रोज त्याच्यावरनं जातो आणि घाट कुठला हे विचारत नाही. पुण्याहून येणारा रस्ता पुढं धारवाडवरनं हरिहरला जायचा. बैलगाड्या जास्त, घोड्याच्या गाड्या साहेब, सावकार आणि टपालासाठी. १८८० च्या दशकात रेल्वे आली आणि या सगळ्याचं चित्रच पालटलं.

आपल्याकडं शब्द किती होते बघा. दमणी, छकडा, रेंगी हे बैलांचे. सारवट, शिग्राम, बग्गी, टांगा हे घोड्यांचे. शिग्राम हा शब्द माझी आत्या बंद गाडी कुठलीही असली तरी वापरायची, पुढं आमच्या ओमनी व्हॅनलासुद्धा.

कागदवेडा
हिंडलगा_रोड, भारी. यात आणखी एक भर घालतो. इंग्रजीत या गाड्यांना स्टेजकोच म्हणतात, ते स्टेज म्हणजे रंगमंच नव्हे, टप्पा. साधारण दहा मैलांवर सराय असायची, तिथं ताजे घोडे तयार ठेवलेले. लांबनं भोंगा ऐकला की जोडी बाहेर काढून उभी, घोडे बदलायला काही मिनिटं. टोलनाक्यावर टपालगाडीला टोल माफ, भोंगा वाजला की फाटक उघडलंच पाहिजे. फास्टॅगचा आज्जा.

खानापूर_लोकल
टोल माफ! आता पटलं, लावा ते चित्र हॉलमध्ये.

कॅम्पातला
सगळे छान छान बोलायल्यात पण दुसरी बाजू पण मांडतो. त्या वेगवान गाड्यांवरचे घोडे तीन-चार वर्षांत निकामी व्हायचे असं वाचलंय. चढावर, चिखलात, रात्री, चाबकाखाली. ज्याला आपण सुंदर जुना प्रवास म्हणतो तो घोड्यांच्या छातीवर चालायचा. मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्या बंद करायचा आदेश हायकोर्टानं २०१५ ला दिला तेव्हा खूप लोक हळहळले. मला बरं वाटलं. डांबरावर, ट्रॅफिकमध्ये, पाण्याविना उभे असलेले घोडे मी बघितल्यात. आणि शर्यतीचं कौतुक वर वाचलं, तिथंही जनावराला काय काय करतात ते चिकोडीवाल्यांना माहीत असणार.

चिकोडी_एक्सप्रेस
माहीत आहे आणि नाकारत नाही. मारझोड करणारे आहेत. पण घोडा स्वतःच्या पोरासारखा सांभाळणारेही आहेत, घरात दूध कमी पडलं तरी घोड्याचं कमी करत नाहीत. दोन्ही खरं आहे.

टांगेवाल्याचा_नातू
कॅम्पातला, तुमचं म्हणणं मला मान्य आहे आणि त्याचं वाईटही वाटत नाही. आमचा शेवटचा घोडा पांढऱ्या कपाळाचा होता, आम्ही त्याला चांदू म्हणायचो. रिक्षा वाढल्या तसं टांग्यात बसणारं माणूस कमी झालं, दिवसाची कमाई चंदीला पुरेना. आज्ज्यांनी टांगा विकला पण चांदूला विकला नाही, कारण घेणारा वीटभट्टीवर जुंपणार होता. परड्यात दोन वर्षं नुसता उभा होता. घरात तेव्हा पैशाची किती ओढाताण होती ते मला आता कळतंय. आई बोलायची. आज्जे ऐकून घ्यायचे आणि कडबा टाकायला जायचे.

म्हणून सांगतो, घोड्याचे हाल झाले हे खरं. पण घोडागाडी गेली ती घोड्यांच्या दयेपोटी गेली नाही, परवडेना म्हणून गेली. तिकडं रेल्वेनं, इथं रिक्षानं.

अनगोळची_वैनी
चांदूचं वाचून डोळ्यात पाणी आलं हो.

हिंडलगा_रोड
नातू, तुम्ही घोडे जाणता म्हणून विचारतो. अशा जुन्या चित्रांत घोडे पळताना पुढचे दोन पाय पुढं आणि मागचे दोन मागं ताणून अगदी हवेत तरंगतात, तसं खरंच पळतात का?

टांगेवाल्याचा_नातू
नाही. चारी पाय जमिनीवरनं सुटतात तेव्हा ते पोटाखाली गोळा झालेले असतात, ताणलेले नाही. डोळ्याला ते पकडता येत नाही.

कागदवेडा
अगदी बरोबर, आणि हे जगाला १८७८ साली कळलं. मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरनं कॅलिफोर्नियात ओळीनं कॅमेरे लावून पळत्या घोडीचे फोटो काढले तेव्हा. त्याआधीचे बहुतेक चित्रकार ताणलेले पायच काढायचे, पोलार्डच्या काळातले तर सर्रास. तुमच्या आज्ज्यांना विचारलं असतं तर कॅमेरे वाचले असते.

शहापूरकर कुठं गेले? भिंग मिळालं का?

शहापूरकर
आलो आलो. घरात सिमेंट आणि गवंडी, त्यामुळं उशीर. रामदेव गल्लीत शोधून भिंग आणलं. रात्री जेवणं झाल्यावर सगळे टेबलाभोवती, माझी आठवीतली पोरगी धरून आईपर्यंत.

रांगेतले ठिपके नाहीत! आकाशात कागदवेडा म्हणतात तसे वाळू सांडल्यासारखे कण आहेत. लाल कोटाचा रंग एका ठिकाणी बाहीच्या बाहेर गेलाय. एका घोड्याच्या लगामाला रंग द्यायचाच राहिलाय, तो नुसता काळ्या रेघेत आहे. पोरगी म्हणाली, “बाबा, हे कुणीतरी हातानं रंगवलंय आणि त्याला कंटाळा आला होता.”

कागदवेडा
पोरीला शाबासकी द्या. तिनं एका वाक्यात सगळं सांगितलं.

याला अ‍ॅक्वाटिंट म्हणतात. तांब्याच्या पत्र्यावर राळेची बारीक पूड उडवायची, गरम करून चिकटवायची, मग पत्रा तेजाबात. राळेच्या कणांच्या मधल्या फटीत तेजाब तांबं खातं, तिथं शाई धरते, त्यामुळं सपाट छटा मिळते, म्हणून वाळूसारखं दिसतं. छाप निघायचा एक-दोन शायांत आणि बाकीचे रंग माणसं बसून हातानं भरायची, पानामागून पान. लगाम राहून गेला तो असा.

आता फ्रेम मागनं उघडा, पण घाई नको. हात धुऊन कोरडे करा. कागद फळीला चिकटला असेल तर ओढू नका, थांबा. तीन गोष्टी बघा. चित्राभोवती दाबल्यासारखी चौकोनी खाच आहे का, ती पत्र्याच्या कडेची खूण. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याखाली, झाकलेली बारीक अक्षरांची ओळ आहे का. १७३५ च्या कायद्यानं तिकडं छापचित्राच्या पत्र्यावर प्रकाशकाचं नाव आणि तारीख घालणं आलं, नाहीतर हक्क मिळत नसे, म्हणून ही ओळ असते. आणि तिसरं, कागद उजेडासमोर धरून पाण्याची खूण. व्हॉटमन नावाचा उत्तम कागद असायचा, त्यात बऱ्याचदा सालही असतं.

कॅम्पातला
इतकी माहिती एका धाग्यात. मी घोड्यांसाठी भांडायला आलो होतो, आता फ्रेम उघडायची वाट बघतोय.

शहापूरकर
उघडली. मागं चक्क लाकडी फळी, छोटे खिळे गंजलेले. कागद चिकटला नव्हता, नशीब. फळीच्या गाठीचा डाग कागदाच्या पाठीवर जसाच्या तसा उतरलाय.

खाच तीन बाजूंना आहे, वरच्या बाजूला कागद कापलाय. खाली ओळ आहे, लंडनची, साल १८३७. आम्ही सगळे ओरडलो. मग पोरीनं मोबाइलचा टॉर्च मागनं धरला तर कोपऱ्यात व्हॉटमन आणि त्याच्याखाली साल दिसलं, ते मात्र १८६१.

म्हणजे काय झालं? कागद नंतरचा कसा?

कागदवेडा
म्हणजे पत्रा १८३७ चा, छाप त्यानंतर चोवीसेक वर्षांनी तरी काढलेला. पत्रे जपून ठेवायचे आणि मागणी आली की परत छापायचे. पहिल्या छापाइतकी किंमत याला नाही, हे भावाला सरळ सांगा. कडही कापलीय, डागही आहेत. पण नकलीही नाही, तोच पत्रा, हातानं भरलेले रंग.

आणि साल बघा ना. १८६१ ला लंडनच्या टपालगाड्या बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, रेल्वे सगळीकडं पोचली होती. लोकांना ज्या गाडीत कुडकुडत, आदळत जावं लागायचं तिचं चित्र तेव्हा भिंतीवर लावावंसं वाटायला लागलं.

टांगेवाल्याचा_नातू
आमच्याकडं चांदूच्या गळ्यातली घुंगरांची माळ दाराला आहे. आईनंच लावलीय.

अनगोळची_वैनी
आता जपायचं कसं ते सांगा ना कोणीतरी, आपल्याकडचा पाऊस म्हणजे कपाटातले कपडे पण हिरवे होतात.

कागदवेडा
फळी टाकून द्या, लाकडातलं आम्लच कागद खातंय. आम्लविरहित माउंटबोर्ड मागा, पुण्या-मुंबईत चित्रकारांच्या सामानाच्या दुकानात मिळतो. काच चित्राला टेकता कामा नये, मधे माउंटची जाडी हवी, नाहीतर पावसाळ्यात काचेला कागद चिकटतो. सेलोटेप, फेव्हिकॉल काहीही नको. वरच्या कडेला फक्त दोन ठिकाणी, जपानी पातळ कागदाची पट्टी आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ, बस्स. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर लावा, आणि फ्रेमच्या मागं खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे म्हणजे हवा खेळेल. ऊन थेट नको. कसर लागलीय का ते दिवाळीच्या साफसफाईत बघत जा. तांबूस ठिपके आहेत तसे राहू देत, धुवायला गेलात तर हाताचे रंग पाण्याबरोबर जातील.

खानापूर_लोकल
गव्हाचं सत्त्व म्हणजे आमच्या घरी कुरडया करताना काढतात तेच ना?

कागदवेडा
तेच, पण मीठ न घातलेलं 🙂

शहापूरकर
सगळ्यांचे आभार. भाऊ किंमत ऐकून गप्प झाला, मग स्वतःच म्हणाला की हॉलमध्ये नको, हॉलच्या भिंतीवर पश्चिमेचा पाऊस मारतो, जिन्याच्या आतल्या भिंतीवर लाव. जुन्या माउंटच्या मागं पेन्सिलीनं आज्जांच्या अक्षरात काहीतरी आकडा आहे, लिलावाचा असेल, तो पुठ्ठा वेगळा ठेवलाय.

नातूसाहेब, रंग द्यायचा राहिलेला तो लगाम आणि पोटपट्टा तुम्ही एकदा येऊन बघा. पोरगी विचारायलीय की गार्डानं घोडा सोडला तेव्हा खोगीर नव्हतं, मग तो बर्फात बसला कसा?

टांगेवाल्याचा_नातू
रविवारी सकाळी येतो. घुंगरांची माळ पण आणतो तिला दाखवायला.